एकत्र ठेवलेली शेवंडीची पिल्ले एकमेकांना खातात. वेगळे कप्पे हाच एक उपाय आहे का?

प्रश्न: पश्चिमवारा

नमस्कार. मी मूळची देवगडची. मत्स्यविज्ञानाची पदवी घेतल्यानंतर गेल्या वर्षापासून इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील एका लहान हॅचरीत काम करते. येथे युरोपीय शेवंडीची, म्हणजे होमॅरस गॅमॅरस या जातीची पिल्ले वाढवून समुद्रात सोडली जातात. आपल्याकडील शेवंडीशी गल्लत होऊ नये म्हणून आधीच सांगते, की ही थंड पाण्यातली, निळसर काळ्या रंगाची आणि पुढे दोन मोठ्या नांग्या असलेली शेवंड आहे. मच्छीमार पोटाखाली अंडी असलेल्या माद्या आणून देतात. अंडी फुटून डिंभ, म्हणजे तरंगणाऱ्या अळ्या, बाहेर पडले की ते शंकूच्या आकाराच्या टाक्यांत ठेवतात आणि तळातून वर येणाऱ्या पाण्याच्या झोतामुळे ते सतत तरंगत राहतात. साधारण १८ ते २० अंश सेल्सिअस तापमानात दोन-तीन आठवड्यांत तीनदा कात टाकून ते चौथ्या अवस्थेत येतात. जेमतेम दीड सेंटीमीटर लांबीचे ते पिल्लू या वेळी प्रथमच मोठ्या शेवंडीसारखे दिसू लागते, आणि नेमके तेव्हाच त्याला एकट्याच्या कप्प्यात हलवावे लागते.

माझा प्रश्न या कप्प्यांविषयी आहे. मागच्या महिन्यात कप्प्यांच्या एका भागाचा पाणीपुरवठा बंद पडला आणि जागा अपुरी पडल्यामुळे ६० पिल्ले मी एका उथळ ट्रेमध्ये एकत्र ठेवली. आडोशासाठी प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे टाकले होते, दिवसातून दोनदा खाणे घालत होते आणि घातलेले खाणे उरतही होते. सहाव्या दिवशी मोजली तेव्हा २१ उरली होती, आणि त्यांतल्याही बऱ्याच पिल्लांची एक तरी नांगी गेलेली होती.

चौथ्या रात्री मी तांबड्या दिव्याच्या उजेडात बराच वेळ ट्रेजवळ बसले होते. एक पिल्लू कात टाकायला आले होते. पाठीचे कवच आणि शेपटी यांच्या सांध्यात फट पडली, ते कुशीवर कलंडले आणि अंग मधोमध दुमडून जुन्या कवचातून स्वतःला ओढून काढू लागले. नांग्या सोडवणे सर्वांत अवघड असावे, कारण नांगीचा सगळा फुगीर भाग बुडाशी असलेल्या अरुंद सांध्यांतून ओढून काढावा लागतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत त्याला पळता येत नव्हते आणि नांगीही उचलता येत नव्हती. तेवढ्यात दुसरे एक पिल्लू नळीतून बाहेर आले. आकाराने ते याच्याहून मोठे नव्हते. त्याने मिशीने याला दोनदा चाचपले आणि मऊ पोटाकडून खायला सुरुवात केली. मी हात घालेपर्यंत उशीर झाला होता, याचे मला अजून वाईट वाटते.

भरपूर खाणे असताना असे का व्हावे, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. पिल्ले एकत्र वाढवण्याची एखादी पद्धत खरोखर आहे का? आणि दुसरी शंका मला अधिक सतावते: लहानपणापासून एकट्याच्या कप्प्यात वाढलेले पिल्लू समुद्रात सोडल्यावर तेथे तग धरण्यास लायक राहते का? ज्यांनी या प्राण्यांबरोबर प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: ॲटलांटिककाठ

मी बरीच वर्षे कॅनडात, हॅलिफॅक्सजवळ राहतो आणि अमेरिकन शेवंडीवर (होमॅरस अमेरिकॅनस) प्रयोगशाळेत काम केलेले आहे. ही तुमच्याकडील जातीची अगदी जवळची बहीण असल्यामुळे येथे जे लिहितो ते बहुतांशी तुमच्या पिल्लांनाही लागू पडावे.

सर्वप्रथम, तुम्ही जे पाहिलेत आणि ट्रेमध्ये एरवी जे घडत होते, त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत असे मला वाटते. एक भांडण आहे आणि दुसरे खाणे आहे. आपण दोहोंना मिळून आक्रमकता म्हणतो आणि मग उपाय शोधताना गोंधळतो. शंकूच्या टाकीतले डिंभ एकमेकांना खातात ते भांडून नव्हे. समोर आलेले, तोंडात मावणारे काहीही ते पकडतात आणि त्यात भावंडही सापडते. म्हणून तेथे झोत योग्य ठेवणे, गर्दी कमी ठेवणे आणि खाण्यात खंड पडू न देणे एवढेच आपल्या हाती असते. चौथ्या-पाचव्या अवस्थेत मात्र पिल्लू तळाशी बसते, एखादी कपार आपली मानू लागते आणि तेथून खरे भांडण सुरू होते.

या भांडणाला ठरलेला क्रम असतो. आधी दोघे समोरासमोर येतात, मिश्यांनी एकमेकांना झोडपतात, मग पायांवर उंच होऊन नांग्या पसरून दाखवतात. एवढ्यावर एकाने माघार घेतली नाही तर नांगीत नांगी अडकवून रेटारेटी होते, आणि शेवटच्या पायरीवर नांगी मिटून झटका देऊन समोरच्याचा अवयव उपटण्याचा प्रयत्न होतो. बहुतेक भांडणे या शेवटच्या पायरीपर्यंत जात नाहीत. आकारात ठळक फरक असेल तर लहान प्राणी लगेच मागे सरतो. दोघे तोडीस तोड असतील तर भांडण लांबते आणि इजा होते. तुमची पिल्ले एकाच वयाची, एकाच आकाराची होती आणि हीच त्यातली अडचण होती. सारख्या आकाराची पिल्ले एकत्र ठेवली की ती मोठ्याच्या तोंडी जात नाहीत हे खरे आहे, पण त्यांच्यात कोण वरचढ हे ठरायलाही वेळ लागतो.

हार-जीत एकदा ठरली की ती लक्षात ठेवण्याची सोय या प्राण्यांत आहे, आणि मला ती फार विलक्षण वाटते. शेवंडीचे मूत्र डोक्याच्या पुढच्या भागातून, मिश्यांच्या बुडाशी असलेल्या छिद्रांतून बाहेर पडते आणि कल्ल्यांमधून निघणाऱ्या पाण्याच्या प्रवाहाबरोबर समोरच्याच्या तोंडावर जाते. भांडताना दोघे असे मूत्र सोडत असतात. जिंकणारा ते सोडत राहतो आणि हरणारा थांबतो. अमेरिकेत वूड्स होल येथे येले अतेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले, की हरलेली शेवंड आपल्याला हरवणाऱ्या त्याच शेवंडीला वासावरून ओळखते आणि दुसऱ्या भेटीत न लढता मागे सरते. ही ओळख आठवडाभर तरी टिकते. मूत्राचा वास पोहोचू दिला नाही तर ओळख पटत नाही आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हे प्रयोग मोठ्या शेवंडींवरचे आहेत. पिल्लांबाबत ते जसेच्या तसे लावू नयेत, पण आपण काय पाहतो आहोत हे समजायला त्यांची मदत होते.

आता ट्रेमधल्या परिस्थितीकडे पाहा. समुद्रात हरलेले पिल्लू शेपटीचा झटका देऊन क्षणात मागे उडते आणि दुसऱ्या दगडाखाली जाते. भांडणाचा शेवट होतो तो एक जण तेथून निघून गेल्यामुळे. ट्रेमध्ये ते मागे उडाले तर एका वितीवर भिंतीला आपटते आणि जिंकणाऱ्याच्या समोरच राहते. माघार घेऊनही ते तेथून जात नाही, म्हणून त्याच्यावर पुन्हा पुन्हा हल्ला होत राहतो. माझ्या मते मुळातले कारण हेच आहे. आपण ज्याला या प्राण्याचा स्वभाव म्हणतो, त्याचा मोठा भाग आपण दिलेल्या जागेचा परिणाम असतो. खाण्याने पोट भरते, पण हरलेल्याला पळायला जागा मिळत नाही, म्हणून भरपूर खाणे घालूनही तुमचा ट्रे शांत झाला नाही.

त्यातून कात टाकण्याची वेळ ही सगळ्यांत नाजूक असते. लहान पिल्ले सुरुवातीला काही आठवड्यांच्या अंतराने कात टाकतात आणि पाणी उबदार ठेवून आपण हे अंतर आणखी कमी करतो. ६० पिल्ले असली की जवळजवळ रोज रात्री कोणीतरी मऊ अवस्थेत असतेच. कालपर्यंत जो वरचढ होता तोही त्या रात्री खाल्ला जातो. सगळ्यांनी एकाच वेळी कात टाकावी असे करणे आपल्या हाती नाही.

या वागण्यामागची शरीरांतर्गत यंत्रणाही पुष्कळ अभ्यासली गेली आहे. हार्वर्ड येथील एडवर्ड क्रॅविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवले, की शेवंडीला सेरोटोनिन हे चेतासंस्थेतले रसायन टोचले तर ती वरचढ प्राण्यासारखी पाय ताठ करून उभी राहते आणि ऑक्टोपामाइन हे तसेच दुसरे रसायन टोचले तर दबलेल्या प्राण्यासारखी तळाला चिकटते. पुढे १९९७ मध्ये असेही दिसले, की सेरोटोनिन दिलेला हरलेला प्राणी पुन्हा लढायला पुढे येतो आणि लवकर माघार घेत नाही. हॅचरीत याचा थेट उपयोग काही नाही. पण हा प्राणी मुळात माघार घेण्याची मनःस्थिती बाळगून असतो आणि ती बिघडली की इजा होते, हे ध्यानात आले की टाकीची रचना करताना विचार बदलतो.

एक गोष्ट तपासून पाहावी असे सुचवतो. ट्रेमध्ये मेलेले प्रत्येक पिल्लू मारले गेलेच असे नसते. काही पिल्ले कात टाकताना जुन्या कवचात अडकून मरतात आणि नंतर खाल्ली जातात. सकाळी आपल्याला फक्त अवशेष दिसतात. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात कृत्रिम खाद्यावर वाढवलेल्या पिल्लांत हे मोठ्या प्रमाणावर दिसले होते आणि खाद्यात सोयाबीनचे लेसिथिन हा स्निग्ध पदार्थ घातल्यावर ते थांबले. टाकलेली कात आणि मेलेले पिल्लू यांतला फरक डोळ्यांवरून कळतो. कात असेल तर डोळ्यांच्या जागी पारदर्शक, रिकाम्या टोप्या असतात; मेलेल्या पिल्लाचे डोळे काळेच राहतात. आणि टाकलेली कात स्वच्छतेच्या नावाखाली काढून टाकू नका. पिल्लू ती खाते आणि नव्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम त्यातून परत मिळवते.

एकत्र वाढवण्याचे प्रयत्न १९७० च्या दशकापासून झाले आहेत. नांग्यांची टोके छाटून पाहिली, आडोसे वाढवून पाहिले, आकारानुसार वर्गवारी करून पाहिली. मृत्यू कमी होतात, थांबत नाहीत. आणि जी जगतात त्यांतली दबलेली पिल्ले कात टाकण्यास उशीर करतात, त्यामुळे वाढ मागे पडते. प्राण्याची नांगी छाटून त्याला शांत करणे मला पटत नाही, आणि समुद्रात सोडायच्या पिल्लाबाबत तर त्याचा विचारही करू नये. विक्रीच्या वजनापर्यंत नांग्यांच्या शेवंडीची शेती आजवर मोठ्या प्रमाणावर उभी राहिली नाही याचे मुख्य कारणही हेच आहे. वीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात दोन-अडीच वर्षे प्रत्येक प्राण्याला स्वतंत्र खोली द्यायची, त्याच्या वाढीप्रमाणे ती बदलायची, रोज खाऊ घालायचे आणि साफ करायचे, हा खर्च झेपत नाही.

थोडक्यात, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर कप्पे हेच आहे. दुसऱ्या प्रश्नावर माझ्याहून अधिक जाणणारे येथे आहेत, त्यांनी लिहावे.

उत्तर: मिरकरवाडा

मी रत्नागिरीहून लिहितो आहे. आमच्याकडील शेवंडीचे चित्र वेगळे आहे आणि तुलनेसाठी ते उपयोगी पडेल असे वाटते.

मुंबईपासून गुजरातपर्यंतच्या चिखलाच्या तळावर मिळणारी पॅन्युलिरस पॉलिफॅगस आणि खडकाळ किनाऱ्यावर मिळणारी पॅन्युलिरस होमॅरस, या दोन्ही शेवंडींना नांग्या नसतात. त्यांची हत्यारे म्हणजे काटेरी लांब मिश्या. दाबून धरले तर मिश्यांच्या बुडाशी करकर असा आवाज काढतात, जो जाळ्यातून शेवंड सोडवणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेला असतो. या शेवंडी एकाच कपारीत अनेक मिळून राहतात आणि एकमेकींच्या वासाने आडोशाकडे ओढल्या जातात. म्हणूनच त्या पिंजऱ्यात एकत्र ठेवता येतात. व्हिएतनाममध्ये समुद्रातून पकडलेली काचेसारखी पारदर्शक पिल्ले पिंजऱ्यात वाढवण्याचा व्यवसाय उभा राहिला तो या गुणामुळेच. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने वेरावळ परिसरात समुद्रातील पिंजऱ्यांत लहान शेवंडी वाढवण्याचे काम केले आहे, आणि गुजरातमधील सिद्दी समाजातील कुटुंबांना त्यात सहभागी करून घेतले आहे.

तरीही आमच्याकडे सर्व सुरळीत चालते असे समजू नये. कात टाकलेली शेवंड आमच्या पिंजऱ्यातही खाल्ली जाते. मी स्वतः लहान प्रमाणावर हे करून पाहिले तेव्हा सकाळी पिंजरा उचलल्यावर फक्त मिश्या आणि पायांचे तुकडे हाती आल्याचे प्रसंग अनेकदा आले. ज्या पिंजऱ्यात वेगवेगळ्या वजनाची शेवंड एकत्र भरली त्यात हे अधिक झाले. खाणे सकाळी घालण्याऐवजी दिवेलागणीला, त्या बाहेर पडतात त्या वेळी, आणि एका कोपऱ्यात न टाकता सगळीकडे पसरून घातल्यावर फरक पडला. ताजे शिंपले फोडून घातले तर चांगले खातात. शिळी मासळी उरली की पाणी बिघडते आणि मग रोग शिरतो. व्हिएतनाममध्ये २००७ च्या सुमारास दुधी रोगाने पिंजऱ्यांतल्या शेवंडीचे फार मोठे नुकसान झाले होते, याचा विसर पडू देऊ नये.

एक बाब मात्र मला महत्त्वाची वाटते. एकत्र राहणाऱ्या जातीसुद्धा अगदी लहानपणी एकट्याच राहतात. फ्लोरिडा आणि कॅरिबियन समुद्रातील पॅन्युलिरस अर्गस या शेवंडीचे पिल्लू तळाशी आल्यावर पहिले काही महिने लाल शेवाळाच्या झुडपात एकटे लपून राहते, आणि मोठे झाल्यावरच इतरांबरोबर कपारीत येते. तेव्हा पिल्लांना गर्दी सोसत नाही ही गोष्ट केवळ नांग्यांमुळे आहे असे मला वाटत नाही.

गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी पाळणाऱ्यांना हीच गोष्ट निराळ्या रूपात भेटते. तेथे निळ्या नांगीचा नर तळ्यावर हुकूमत गाजवतो, नारिंगी नांगीचे नर वाढत राहतात आणि लहान नर दबून खुजे राहतात. जाळे ओढून निळ्या नांगीचे मोठे नर काढून घेतले की मागे राहिलेले वाढू लागतात. मोठे काढून घेण्याचा हा उपाय तुमच्या हॅचरीत उपयोगाचा नाही हे खरे, कारण तुमच्याकडे प्रत्येक पिल्लू जगवायचे आहे.

पश्चिमवारा

दोघांचेही मनापासून आभार. ॲटलांटिककाठ यांनी सांगितल्याप्रमाणे मी त्या ट्रेमधले जपून ठेवलेले अवशेष भिंगाखाली पाहिले. काळे डोळे असलेली आणि मागच्या भागाला कवच अडकलेली चार पिल्ले सापडली, म्हणजे काही जण कात टाकतानाच गेले होते. आम्ही खाण्यात गोठवलेल्या आर्टेमियावर, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवांवर, बराच भर देत होतो. खाद्याबद्दल वरिष्ठांशी बोलणार आहे.

मात्र हे पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या कप्प्यांत वाढलेल्या, सोडण्यासाठी तयार असलेल्या बऱ्याच पिल्लांच्या दोन्ही नांग्या सारख्याच, बारीक आणि धारदार दिसतात. मोठ्या शेवंडीत एक नांगी जाड आणि बोथट दातांची असते, तशी ती दिसत नाही. हे वयामुळे आहे की कप्प्यामुळे?

उत्तर: उत्तर समुद्र

तुमचे निरीक्षण अचूक आहे, आणि ते कप्प्यामुळेच आहे. मी नॉर्वेत, बर्गनमध्ये याच विषयावर काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

शेवंडीच्या दोन नांग्यांची कामे वेगळी असतात. एक चेचणारी नांगी, जाड, बोथट दातांची, संथ पण ताकदवान. तिने शिंपला फोडला जातो. दुसरी कातरणारी नांगी, बारीक आणि चपळ. चौथ्या अवस्थेत दोन्ही नांग्या अगदी सारख्या असतात, आणि कोणती बाजू चेचणारी होणार हे जन्मतः ठरलेले नसते. निसर्गात साधारण निम्म्या शेवंडींत ती उजवी असते आणि निम्म्यांत डावी. ते ठरते चौथ्या आणि पाचव्या अवस्थेत, कोणत्या नांगीचा वापर अधिक झाला यावरून. १९८६ मध्ये सायन्स या नियतकालिकात गोविंद आणि पिअर्स यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका बाजूच्या नांगीला मुद्दाम व्यायाम दिला तर तीच चेचणारी झाली. नांगीला धरायला काहीच दिले नाही तर दोन्ही कातरणाऱ्या राहिल्या. आणि दोन्ही नांग्यांना सारखाच व्यायाम दिला तरी बहुतेक वेळा चेचणारी नांगी तयार झाली नाही. म्हणजे दोन बाजूंमधला फरक चेतासंस्थेपर्यंत पोहोचावा लागतो. हा काळ एकदा निघून गेला की पुढे काहीही केले तरी बदल होत नाही, आणि नंतर नांगी तुटून नवी आली तरी ती त्याच प्रकारची येते.

गुळगुळीत प्लॅस्टिकच्या रिकाम्या कप्प्यात पिल्लाला धरायला, उचलायला, फोडायला काही नसते. म्हणून तुमच्या पिल्लांच्या दोन्ही नांग्या कातरणाऱ्या आहेत. नैऋत्य नॉर्वेतील क्विटसॉय बेटांच्या परिसरात १९९० ते १९९४ या काळात सुमारे १,२८,००० पिल्ले सोडण्यात आली होती, आणि पुढे मच्छीमारांच्या पिंजऱ्यात सापडलेल्या शेवंडींतली हॅचरीतली कोणती हे दोन्ही कातरणाऱ्या नांग्यांवरूनही ओळखता येत असे. ती पिल्ले जगली, वाढली, त्यांतल्या माद्यांनी अंडीही धरली, हे समाधानाचे आहे. परंतु शिंपले फोडण्याचे आणि कपारीसाठी झुंजण्याचे हत्यार आपण त्यांच्याकडून जन्मभरासाठी काढून घेतले होते, हे मला मान्य करावेसे वाटते.

उपाय सोपा आहे आणि स्वस्तही आहे. चौथ्या अवस्थेतले पिल्लू कप्प्यात टाकतानाच तळाशी कालवांच्या शिंपल्यांचे बारीक तुकडे घाला. पिल्लू ते उचलते, सरकवते, त्यांचा आडोसा रचते, आणि बहुतेकांना चेचणारी नांगी येते. तुकडे फार मोठे नसावेत. पिल्लाला नांगीने उचलता येतील एवढे असावेत. साफसफाई थोडी वाढते, कारण खाण्याचे कण त्यांत अडकतात. आमच्याकडे त्यासाठी पाण्याचा झोत किंचित वाढवला आहे.

तुमच्या मूळ शंकेकडे येतो. वेगळे ठेवल्याने पिल्लू जगते यात वाद नाही. पण एकट्याने वाढलेल्या पिल्लाला आडोसा शोधण्याची सवय नसते, आणि समुद्राच्या तळाशी पोहोचल्यानंतरची पहिली काही मिनिटे त्याच्यासाठी सर्वांत धोक्याची असतात. खेकडे आणि लहान मासे वाट पाहतच असतात. ज्या पिल्लाने आधी खडे आणि कपारी अनुभवल्या आहेत ते लवकर लपते; सपाट ट्रेमधून थेट सोडलेले पिल्लू उघड्यावर रेंगाळते. म्हणून सोडण्यापूर्वी त्यांना खडीच्या थरावर काही दिवस ठेवणे मी आवश्यक मानतो. सोडताना ती पृष्ठभागावरून ओतू नयेत. पाणबुड्याने किंवा नळीतून थेट दगडगोट्यांच्या तळापर्यंत पोहोचवावीत, कारण वरून खाली जाण्याच्या प्रवासातच बरीच मासळीच्या पोटात जातात.

या ठिकाणी ॲटलांटिककाठ यांच्या म्हणण्याला माझी एक पुस्ती आहे. हरलेल्याला पळायला जागा नसणे हे मूळ कारण, हे त्यांचे म्हणणे मला पटते. पण त्याचा अर्थ असा होतो, की जेथे पळायला जागा आहे तेथे थोडे भांडण पिल्लाला चालू शकते. मिश्या भिडणे, नांगी दाखवणे, मागे सरणे हेही समुद्रात लागणारे शहाणपण आहे. माझा स्वतःचा कल असा आहे, की सोडण्यापूर्वीच्या त्या खडीच्या थरावर पिल्ले अगदी विरळ ठेवावीत, पिल्लांच्या संख्येपेक्षा आडोसे कितीतरी अधिक असावेत, आणि फक्त अशीच पिल्ले घ्यावीत ज्यांनी नुकतीच कात टाकून कवच टणक झाले आहे. म्हणजे पुढची कात येण्याच्या आत ती समुद्रात पोहोचलेली असतील. आठवड्याच्या आत हे उरकावे. तुमच्या ट्रेमध्ये नळीचे तुकडे होते, पण उथळ ट्रेमध्ये त्यांच्यामधले अंतर इतके कमी असणार की एका नळीतून दुसरीतले पिल्लू दिसत आणि हुंगता येत असणार.

ॲटलांटिककाठ

उत्तर समुद्र यांची पुस्ती मला मान्य आहे. फक्त कात कधी टाकली याची नोंद प्रत्येक कप्प्यावर रोज ठेवली नाही तर हे जमणार नाही. अंदाजाने टणक समजलेले एक पिल्लू जरी पुढच्या कातीच्या जवळ आलेले असले तरी तेवढे एक जाईल. नवे कवच खाली तयार होत असताना रंग मंद दिसू लागतो, खाणे कमी होते. ही चिन्हे दिसली तर त्याला कप्प्यातच राहू द्यावे.

पश्चिमवारा

दोन आठवड्यांनी लिहिते आहे. हॅचरीत परवानगी मिळाली आणि चौथ्या अवस्थेतल्या नव्या पिल्लांपैकी २०० कप्प्यांत कालवांच्या शिंपल्यांचे तुकडे टाकले आहेत. तितकेच कप्पे तुलनेसाठी रिकामे ठेवले आहेत. प्रत्येक कप्प्यावर कात टाकल्याची तारीख लिहिण्याचे काम मी स्वतःकडे घेतले आहे. नांग्यांमधला फरक कळायला अजून एक-दोन काती जाव्या लागतील.

पण वागण्यातला फरक पहिल्याच रात्री दिसला. रिकाम्या कप्प्यातले पिल्लू भिंतीच्या कडेकडेने फिरत राहते. तुकडे टाकलेल्या कप्प्यातल्या एका पिल्लाने आपल्या अंगाएवढा एक तुकडा दोन्ही नांग्यांत धरून कोपऱ्यात ओढत नेला, तो भिंतीला टेकवून उभा केला, त्याच्या मागे शेपटी आधी घालून ते आत शिरले आणि फक्त मिश्या बाहेर ठेवून बसले. सकाळी दिवा लावला तेव्हाही ते तेथेच होते.

उत्तर: मिरकरवाडा

हे वाचून आनंद झाला. तुकडा ओढताना ते पिल्लू कोणत्या बाजूच्या नांगीने जोर लावते याचीही त्याच वहीत नोंद ठेवा. पुढे चेचणारी नांगी त्याच बाजूला आली का, ते ताडून पाहता येईल.

पश्चिमवारा

आजपासून लिहायला सुरुवात करते. त्या कोपऱ्यातल्या पिल्लाच्या नावापुढे पहिली नोंद "डावी" अशी आहे.